ट्रस रॉड किती फेरे फिरवायचा, हे विचारण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : चार वर्षांपूर्वी घेतलेल्या, स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारच्या तारा या पावसाळ्यात बोर्डापासून (बोटे ठेवतो त्या पट्टीपासून) वर गेल्या आहेत, बाराव्या फ्रेटपाशी (बोर्डावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपैकी बाराव्या पट्टीपाशी) फूटपट्टी लावली तर जाड तारेखाली साडेतीन मिलिमीटर भरतात, एका बोटाने सगळ्या तारा दाबायचा एफ कॉर्ड धरताना बोट दुखून येते आणि तरीही पहिली-दुसरी तार मुकीच राहते, तेव्हा व्हिडिओत दाखवतात तसा ट्रस रॉड, म्हणजे गिटारच्या मानेतली दांडी, घरच्या घरी आवळावा का, आणि आवळायचा तर किती फेरे. गिटार चिपळूणच्या घरी भिंतीवर टांगलेली असते, हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे.

फेऱ्यांचा आकडा मी देणार नाही, कारण तो गिटार हातात घेतल्याशिवाय मलाही कळत नाही. शिवाय तुम्हाला हवे आहे ते तारा खाली येणे, आणि ट्रस रॉड हा तारा खाली आणण्याचा स्क्रूच नव्हे. तार दोन ठिकाणी टेकलेली असते : डोक्याकडे नट नावाच्या खाचांच्या पट्टीवर आणि पेटीवरच्या ब्रिजमध्ये बसवलेल्या सॅडल नावाच्या पट्टीवर. या दोन टेकूंची उंची, त्यांच्यामधल्या नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, बाक आणि ज्या फळीवर ब्रिज चिकटवलेला आहे तिची अवस्था, या सगळ्यांचा मिळून बाराव्या फ्रेटवरचा आकडा तयार होतो. रॉडने यातला फक्त बाक बदलतो. बाक दोन दशांश मिलिमीटरने कमी केला तर बाराव्या फ्रेटवर जेमतेम एक दशांशाचा फरक पडतो. तुम्हाला कमी करायचा आहे जवळजवळ एक मिलिमीटर. तेवढा फरक रॉडनेच काढायचा हट्ट धरला की एकतर नेक उलटा वाकतो किंवा रॉडचे आटे जातात.

रॉड मुळात आहे कशासाठी, ते पाहिले की हे पटते. स्टीलच्या बारा गेजच्या संचाचा, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेल्या १२ ते ५३ जाडीच्या तारांचा, सुरात लावल्यावरचा एकत्रित ताण ७० किलोंच्या वर जातो, आणि तो दिवसरात्र नेकला पुढे ओढत असतो. त्या ओढीला आतून उत्तर देणारी लोखंडी दांडी म्हणजे ट्रस रॉड. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचे पेटंट १९२३ साली मिळाले. मार्टिनसारख्या नावाजलेल्या कंपनीने मात्र फिरवता येणारा रॉड थेट १९८५मध्ये स्वीकारला. तोवर त्यांच्या गिटारी न फिरणाऱ्या दांडीवरच वाजत होत्या आणि चांगल्या वाजत होत्या. नायलॉन तारांच्या बहुतेक क्लासिकल गिटारींत असा रॉड आजही नसतो, कारण त्या तारांचा ताणच कमी.

आता भिंतीकडे येऊ. लाकूड दमट हवेत रेषांना आडवे फुगते, रेषांच्या दिशेने जवळजवळ नाही. गिटारच्या वरच्या फळीला आतून पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यामुळे फुगणाऱ्या फळीला बाजूंना पसरायला जागा मिळत नाही आणि ती वर उचलली जाते. आम्हा गिटार दुरुस्त करणाऱ्यांच्या भाषेत गिटारला पोट सुटते. फळी वर आली की तिच्यावरचा ब्रिज, ब्रिजमधले सॅडल आणि सॅडलवरच्या तारा, सगळे वर. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते; कोकणात जून ते सप्टेंबर ती दिवसेंदिवस ८०च्या खाली उतरत नाही, आणि पावसाचा मारा घेणारी बाहेरची भिंत तर आतून हाताला ओलसर लागते. गंमत अशी की याच काळात फ्रेटबोर्डही ओल पिऊन फुगतो आणि नेकला मागच्या बाजूला ढकलतो. म्हणजे तारा उंच दिसत असल्या तरी नेकचा बाक अनेकदा नेहमीपेक्षा कमीच झालेला असतो. अशा वेळी रॉड आवळला तर नेक उलटा वाकून पहिल्या चार-पाच फ्रेटांवर तारा खरखरू लागतात, आणि बाराव्या फ्रेटवर त्या होत्या तिथेच राहतात. दर पावसाळ्यात अशा दोन-चार गिटारी माझ्या टेबलावर येतात, आणि बहुतेकींचे मालक सांगतात की रॉड ‘थोडासाच’ फिरवला होता.

मी स्वतः याहून मोठी चूक केलेली आहे. या कामाच्या दुसऱ्या वर्षी, ऑगस्टमध्ये, अलिबागकडच्या एका मुलाच्या गिटारचे सॅडल मी दीड मिलिमीटर घासले. गिटार लोण्यासारखी वाजू लागली, तो खूश, मी खूश. डिसेंबरात तो परत आला तेव्हा सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेला एकही फ्रेट स्वच्छ वाजत नव्हता. हवा कोरडी होऊन फळी आपल्या जागी बसली होती, आणि मी पोट सुटलेल्या अवस्थेचे माप घेऊन सॅडल कापले होते. नवे सॅडल माझ्या खर्चाने बसवून दिले. तेव्हापासून ऋतू विचारल्याशिवाय मी सॅडलला हात लावत नाही.

म्हणून पहिले काम : गिटार भिंतीवरून उतरवा, घरातल्या आतल्या खोलीत बॅगेत चेन लावून ठेवा, सोबत सिलिका जेलच्या चार-सहा पुड्या आणि शक्य असल्यास छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. दोन आठवडे तिला तशीच राहू द्या. तारा ढिल्या करून ठेवण्याची गरज नाही. दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच फूटपट्टीने पुन्हा मोजा. साडेतीनाचे तीन झालेले दिसले तर अर्धा मिलिमीटर हवेचा होता, हे तुम्हाला तुमच्याच डोळ्यांनी कळेल.

दुसरे काम तारांचे. कोणता संच लावला आहे ते तुम्ही लिहिलेले नाही, आणि चार वर्षांत तारा बदलल्या का, तेही नाही. घरी, एकट्याने, बोटांनी किंवा हलक्या पिकने वाजवत असाल तर १० किंवा ११ गेजचा संच लावा. बाराच्या तुलनेत दहाच्या संचाचा एकूण ताण सुमारे दहा किलोंनी कमी असतो आणि तो फरक बोटाला लगेच कळतो. भजनी मंडळात किंवा मंचावर जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला मात्र मी हा सल्ला देणार नाही, कारण हलकी तार जोरात हलते आणि तिला जास्त जागा लागते. जे काही लावायचे ते आधी लावा, कारण ताण बदलला की नेकचा बाक बदलतो आणि आधीची सगळी मापे रद्द होतात.

मग बाक मोजा. गिटार नेमक्या सुरात लावा आणि वाजवताना धरतो तशी मांडीवर धरा. टेबलावर उताणी ठेवली की तिच्याच वजनाने नेक किंचित हलतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावा, नेक जिथे पेटीला मिळतो त्या फ्रेटवर, बहुतेक अकूस्टिकमध्ये चौदाव्या, सहावी तार बोटाने दाबा. आता ती तार हीच तुमची सरळ पट्टी झाली. सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट उरते ते पाहा. दुचाकीचे टॅपेट सेट करायला गॅरेजवाले पात्यांचे फीलर गेज वापरतात, तेच इथे चालते, ०.१० ते ०.३० मिलिमीटर या पट्ट्यात माप आले तर नेक ठीक आहे आणि रॉडला हात लावायचे कारण नाही. गेज नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा असतो, त्याच्या एक, दोन, तीन घड्या सरकवून पाहा. एकही कागद जात नसेल आणि तार फ्रेटला टेकलेलीच असेल तर बाक उलटा आहे. चार घड्या सहज जात असतील तर बाक जास्त आहे.

बाक खरोखरच जास्त निघाला, तरच रॉड. त्याचे तोंड डोक्यावरच्या छोट्या झाकणाखाली असते किंवा पेटीच्या भोकातून आत, नेकच्या मुळाशी. चावी अचूक मापाची हवी. आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारींना चार किंवा पाच मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते, पण इंच मापाचीही असू शकते. ‘जवळपास बसते’ अशा चावीने आतला षटकोन गोल होतो, आणि मग एका साध्या कामाचे मोठे काम होते. चावी बसवल्यावर तिची मूळची दिशा पेन्सिलीने खूण करून ठेवा. मधल्या दोन तारा थोड्या सैल करा. चावीच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की रॉड आवळतो आणि बाक कमी होतो. उलट फिरवले की बाक वाढतो. एका वेळी एक-अष्टमांश फेरा, फार तर पाव. पुन्हा सुरात लावा, मोजा, आणि तो दिवस तिथेच संपवा, कारण लाकूड रात्रभरात आणखी थोडे सरकते. साधारण जोराला रॉड हललाच नाही, किंवा फिरवताना करकर आवाज आला, तर थांबा. इथे हिंमत दाखवून कुणाचे भले झालेले मी पाहिलेले नाही.

नेक झाल्यावर नट, आणि मला वाटते तुमच्या एफ कॉर्डचे अर्धे दुखणे इथेच आहे. एक साधी परीक्षा करा : पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून त्याच्यापुढे एफचाच आकार धरा, म्हणजे बोट दुसऱ्या फ्रेटवर येईल. आता तो लक्षणीय सोपा वाटला तर दोष सॅडलचा नाही, नटच्या खाचा उथळ आहेत. कॅपोने नटला खेळातून बाद केले, एवढेच आपण केले. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त गिटारींत नट मुद्दाम उंच ठेवलेला असतो, कारण उंच नट तक्रार करत नाही, खोल नट खरखरतो. खात्री करायची तर प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार व फ्रेट यांच्यातली फट पाहा. तिथे केसभर उजेड दिसावा, बोटाने टिचकी मारली तर बारीकसा ‘टिक’ व्हावा. कागदाच्या तीन-चार घड्या आत जात असतील तर खाच उंच आहे.

खाच खोल करणे मात्र मी घरी करू नका असे सांगेन, निदान पहिल्यांदा तरी. प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते, आणि चूक दशांश मिलिमीटरच्याही आत होते. खाचेचा तळ डोक्याकडे उतरता हवा आणि तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरूनच सुटायला हवी. तळ सपाट राहिला किंवा उलटा उतरला तर उघडी तार सतारीसारखी झणझणते. मिरजेचे कारागीर सतारीच्या आणि तानपुऱ्याच्या घोडीवर तासन्‌तास घासून जी जवारी काढतात, तिच्यात तार सपाट पृष्ठभागाला हलकेच स्पर्श करत सुटावी हेच तर साधायचे असते. गिटारच्या नटवर तीच गोष्ट नकळत घडली की तिला बिघाड म्हणतात. नटचे काम जाणकाराकडे अर्ध्या तासाचे आहे, ते त्याच्याकडून करून घ्या.

उरते ते सॅडल. ते घरी निश्चित करता येते आणि इथे गणित अगदी सरळ आहे. बारावा फ्रेट नट आणि सॅडल यांच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे तार जेवढी खाली आणायची, त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावे लागते. स्टील तारांच्या अकूस्टिकला सहाव्या तारेखाली सुमारे २.५ आणि पहिलीखाली १.९ ते २ मिलिमीटर हे बहुतेकांना मानवते. मी जोरात स्ट्रमिंग करणाऱ्यांना सहावी २.७पर्यंतही ठेवतो. समजा, हवा, तारा आणि नेक यांचे सगळे होऊन तुमचा आकडा ३.१ आणि २.५ आला. सहा दशांश उतरवायचे, म्हणजे सॅडलच्या तळातून १.२ मिलिमीटर. त्याआधी पाहून घ्या की सॅडल ब्रिजच्या वर किती दिसते आहे. घासून झाल्यावर निदान दोन मिलिमीटर तरी वर उरले पाहिजे, नाहीतर तार त्यावरून पुरेशी वाकत नाही आणि आवाज मरतो.

तारा सैल करा, काढा, सॅडल चिमट्याने सरळ वर ओढा. पक्कड वापरायचीच तर जबड्यांना कापड गुंडाळा. जाड तारेची बाजू कोणती ते खूण करून ठेवा, कारण उलटे बसवले तर सूर बिघडतो. तळापासून १.२ नव्हे, पहिल्यांदा ०.८ मिलिमीटरवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने दोन्ही अंगांना रेघ मारा. खिडकीच्या काचेचा तुकडा किंवा ग्रॅनाइटचा ओटा घ्या, त्यावर दोन बाजूंना चिकटणाऱ्या टेपने १२० नंबरचा पॉलिश पेपर बसवा आणि सॅडल उभे धरून एकाच दिशेने ओढत घासा. बोटाचा दाब पुढच्या टोकावर नकळत जास्त पडतो आणि तिथे जास्त झिजते, म्हणून दर दहा ओढींनी सॅडल फिरवून धरा. एका चौकोनी लाकडाच्या ठोकळ्याला टेकवून घासले तर तळ काटकोनात राहतो. हाडाचे सॅडल असेल तर दातांच्या दवाखान्यासारखा वास येईल. घाबरू नका, पण नाकाला रुमाल बांधा. शेवटी २२० आणि ४०० नंबरवर दोन-चार हात फिरवून तळ आरशासारखा सपाट करा. ब्रिजखाली पिकअप (तारांचा आवाज स्पीकरकडे पाठवणारा भाग) असेल तर या सपाटपणावरच सगळे अवलंबून आहे. तळाला किंचित उंचवटा राहिला तरी एखादी तार स्पीकरमधून दबकी ऐकू येते.

बसवा, सुरात लावा, मोजा, एक दिवस वाजवा. मगच उरलेले ०.४ काढायचे का ते ठरवा. कित्येकदा माणूस ०.८वरच समाधानी होतो. जास्त घासले गेलेच तर ब्रिजच्या खाचेत जुन्या व्हिजिटिंग कार्डाची पट्टी तळाशी ठेवून तात्पुरते भागते, पण तो नव्या सॅडलपर्यंतचाच उपाय समजा. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना यातले काहीच करावे लागत नाही, त्यांच्या सॅडलला स्क्रू असतात.

या सगळ्यापूर्वी दोन गोष्टी तपासा, कारण त्यांतली एक जरी निघाली तर वरचे सारे व्यर्थ आहे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साध्या कागदाचा कोपरा सरकवून पाहा. तो आत गेला तर ब्रिज उखडू लागला आहे आणि तारा लगेच सैल करून गिटार दुरुस्तीला द्यायला हवी. दुसरे, फ्रेटांवर लांब सरळ स्टीलची पट्टी ठेवून ती ब्रिजपर्यंत न्या. तिचे टोक ब्रिजच्या माथ्याला किंवा त्याच्या किंचित वर लागले तर नेकचा कोन ठीक आहे. ती ब्रिजच्या माथ्याखाली, ब्रिजच्या पोटावर आदळत असेल तर नेकचा सांधाच पुढे झुकला आहे, आणि तो सांधा सोडवून पुन्हा बसवणे हे तुमच्या गिटारच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत गिटार राहिली होती का, हेही आठवून पाहा, कारण त्या उष्णतेने डिंक मऊ होऊन हे दोन्ही प्रकार घडतात.

तुमच्यासाठी माझा क्रम असा : आता दोन आठवडे बॅगेत, मग हलक्या तारा, मग कॅपोची परीक्षा, आणि सॅडल मात्र दिवाळी उलटल्यावर, कोरडी हवा लागल्यावर. पावसाळ्यात अगदीच वाजवणे जमत नसेल तर मूळ सॅडल न घासता त्याच मापाचे दुसरे विकत घ्या आणि ते घासा. माझ्या स्वतःच्या गिटारला अशी दोन सॅडल आहेत, कडेला बारीक पेन्सिलीने एकावर ‘प’ आणि एकावर ‘उ’ लिहिलेली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिले बसते, नोव्हेंबरात दुसरे. दोघांत फरक आहे जेमतेम आठ दशांश मिलिमीटरचा.